विचारण्याची गरज नाही

“हे बटण दाबायच्या आधी थांबायचं,” मालगावे अण्णा म्हणाले आणि माउसवरचा हात काढून त्यांनी मांडीवर ठेवला. “निरोप पोचल्याशिवाय गाळणी चालवायची न्हाई. लिहून घे.”

मी लिहून घेतलं. समोरच्या वहीत त्यांच्या तेरा बटणांची नावं होती आणि गाळणी हे अकरावं होतं. सकाळपासून आम्ही दोघं त्या खोलीत बसून होतो. मला कंटाळा आला होता आणि तो दिसू नये एवढंच मी पाहत होतो.

आमचं नेत्र रुग्णालय ट्रस्टचं. शिरोळ तालुक्यातली आणि सीमेपलीकडचीही माणसं तिथं येतात. मोतीबिंदू तर सगळीकडंच काढतात, पण आमच्याकडं बुबुळ बदलायची शस्त्रक्रिया होते. कुणी मेल्यावर घरच्यांनी डोळे दिले तर आयबँकेकडून ते आमच्याकडं येतात आणि चार-पाच दिवसांत वापरावे लागतात. कधी महिन्यात दोनदा येतात, कधी दोन-दोन महिने येत नाहीत. म्हणून प्रतीक्षा यादी. ही यादी भूपाल मालगावे, म्हणजे आमचे अण्णा, एकोणीस वर्षं सांभाळत होते. आधी रजिस्टरात, मग एक्सेलमध्ये. मॅक्रो लिहायला ते पन्नाशीनंतर स्वतःच शिकले. मॅक्रो म्हणजे एकापाठोपाठ करायची कामं एक्सेलला शिकवून ठेवणं. बटण दाबलं की ती सगळी ओळीनं होतात. अण्णांनी त्या बटणांना नावंही आपली दिली होती. चाळण, जोडणी, पुढचा नंबर, गाळणी.

गाळणीचं काम साधं होतं. ज्या पेशंटला तीनदा फोन केला आणि तीनदा लागला नाही, त्याचं नाव यादीतून निघून ‘गाळलेले’ नावाच्या दुसऱ्या पानावर जायचं. डोळे आल्यावर माणूस शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून.

“पण फोन लागत न्हाई म्हंजे माणूसच न्हाई, असं हाय व्हय?” अण्णा म्हणाले. “निम्म्या लोकांनी दुसऱ्याचाच नंबर दिल्याला असतोय. कुणी दुकानदाराचा, कुणी मेव्हण्याचा. मग मी दूधगाडीवाल्याकडं निरोप देतो. न्हाईतर कंडक्टरकडं. गावात आशाताई असती, तिला सांगतो. निरोप पोचला, माणूस हाय का न्हाई कळलं, की या रकान्यात खूण. ‘नि’ लिवलंय बघ वर. खूण असल्याशिवाय मी दाबत न्हाई.”

“मग ही अट मॅक्रोतच का नाही घातली?”

“कशाला? बटण मीच दाबतो की.”

मी हसलो. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, रुग्णालयाचा संगणकवाला. शीतल खोत. त्या हिवाळ्यात ट्रस्टनं एआय एजंट घ्यायचं ठरवलं होतं आणि ते काम माझ्याकडं आलं होतं. एजंट म्हणजे आपण साध्या मराठीत सांगितलेलं काम समजून घेऊन स्वतः पायऱ्या ठरवणारा प्रोग्रॅम. तो यादीला थेट हात लावणार नव्हता. मध्ये मी एक टूल बसवलं होतं आणि त्यातून त्याला अण्णांचे मॅक्रो चालवता येणार होते. प्रत्येक मॅक्रोसाठी एक माहितीपत्रक होतं, चार प्रश्नांचं. हा काय करतो. कधी चालवावा. आधी काय तपासावं. चालवण्यापूर्वी माणसाला विचारावं का. एजंट ते पत्रक वाचायचा आणि त्याप्रमाणे वागायचा. अण्णा काय म्हणाले, ते त्याला माझ्या लिहिण्यातूनच कळणार होतं.

बारा बटणांची पत्रकं मी नीट लिहिली. गाळणीपाशी अडलो.

‘नि’ रकान्याची अट लिहिली असती तर पुढचा प्रश्न आलाच असता, की निरोप देणार कोण? उत्तर एकच होतं. आणि डिसेंबरात ट्रस्टी चौगुले साहेबांनी मला सरळ विचारलं होतं, “म्हणजे मालगावेंना आता थांबवायला हरकत नाही ना?” मी म्हणालो होतो, “काही हरकत नाही साहेब. सगळं एजंट करेल.” त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक उमटलं होतं, ते मला हवं होतं. पुढच्या वर्षी ट्रस्टच्या तिन्ही रुग्णालयांचं संगणकाचं काम माझ्याकडं द्यायचं ते बोलत होते.

मी लिहिलं: आधी काय तपासावं — तीन फोनची नोंद. माणसाला विचारावं का — गरज नाही.

ट्रस्टींना एकदा चालवून दाखवणं झालं की दुरुस्त करू, असं मी मनाशी म्हटलं. हे मी खरंच म्हटलं होतं. त्यानं काही फरक पडत नाही, ते मला ठाऊक आहे.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी दहा वाजता ते दाखवणं झालं. चौगुले साहेब, आमच्या मुख्य डॉक्टर वसुंधरा इनामदार मॅडम, दोन सिस्टर आणि दाराशेजारच्या खुर्चीवर अण्णा. यादीची प्रत घ्यावी असं मनात आलं होतं, पण खऱ्या यादीवर दाखवण्यात जास्त दिमाख होता. मी एजंटला लिहिलं, ‘या आठवड्याची यादी तयार कर.’ पडद्यावर एकेक ओळ येत गेली. चाळण चालवली. जोडणी चालवली. गाळणी चालवली. मिनिटाच्या आत यादी तयार. एकसष्ट नावं होती, पन्नास राहिली.

चौगुले साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

“अकरा नावं कुठली रं गेली?” अण्णांनी खुर्चीवरूनच विचारलं.

“नंतर दाखवतो, अण्णा.”

“खुणा तर मी घातल्या न्हाईत अजून—”

“अण्णा, आता आराम करा तुम्ही,” चौगुले साहेब हसत म्हणाले आणि सिस्टरनी शाल-श्रीफळ आत आणलं. निरोपाचा कार्यक्रम त्याच दिवशी धरला होता. अण्णांच्या खांद्यावर शाल आली, फोटो झाला. अण्णा फोटोत माझ्याकडं बघतायत. मी कॅमेऱ्याकडं बघतोय.

ते गेले. मी ‘गाळलेले’ पान उघडलं नाही, पत्रकही दुरुस्त केलं नाही. दर सोमवारी यादी आपोआप तयार व्हायची. मला त्यात बघायचं काही उरलं नव्हतं.

मार्चमध्ये, ओपीडी ऐन भरात असताना, नोंदणीच्या सिस्टरनी मला बोलावलं. एक बाई आल्या होत्या, नाव सापडत नव्हतं. शेवंता बुरूड, वय छत्तीस. बरोबर सासू. बाईंनी डाव्या डोळ्यावर ओला पदर धरला होता. उजवा लहानपणीच गेलेला.

मी शोधलं. “यादीत नाव नाही,” म्हणालो.

“असं कसं?” सासू म्हणाली. “तिसरा नंबर हाय म्हणून अण्णांनी सांगितल्यालं संक्रांतीच्या टायमाला. अण्णा कुठं हाईत?”

“अण्णा आता नसतात.”

“मग सांगणार कोण आमाला?”

वेदनेनं शेवंताबाईंचं डोकं सारखं हलत होतं. इनामदार मॅडमनी त्यांना लगेच आत घेतलं. सुपासाठी कळक, म्हणजे बांबू, फाडताना त्याची सळ डोळ्यात गेली होती, त्याला आठ-नऊ महिने झाले होते. बुबुळ डागाळून पातळ झालं होतं. ते बदललं की दिसणार होतं. आता ते फुटलं होतं आणि आत पू झाला होता. दुपारी मॅडमनी डोळा काढला.

तेवढ्या वेळात मी एजंटची नोंदवही उघडली. प्रत्येक वेळी काय केलं आणि का केलं, ते तो लिहून ठेवायचा. जानेवारीपासून मी ती एकदाही पाहिली नव्हती. त्या सोमवारची नोंद अशी होती: ‘गाळणीमुळे अकरा नावे यादीबाहेर जातील. यापैकी पाच जणांच्या नावापुढे दुसऱ्या व्यक्तीचा फोन क्रमांक आहे आणि “नि” हा रकाना अकराही नावांपुढे रिकामा आहे. या रकान्याचा अर्थ माहितीपत्रकात दिलेला नाही. पत्रकानुसार विचारण्याची गरज नाही, म्हणून मॅक्रो चालवत आहे. ही नोंद कृपया कोणीतरी पाहावी.’

शेवंताबाईंच्या नावापुढचा नंबर गावातल्या गिरणीवाल्याचा होता. गिरणी नोव्हेंबरात बंद पडली होती. आणि फेब्रुवारीत आमच्याकडं दोन वेळा डोळे आले होते. एका माणसाचे दोन, असे चार जणांना बुबुळं मिळाली होती. त्यातलं तिसरं शेवंताबाईंचं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅडमच्या खोलीत बैठक झाली. चौगुले साहेब आले. अण्णांना घरून बोलावलं होतं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, कामावर यायचे तसे. मॅडमच्या हातात गाळणीच्या पत्रकाचा कागद होता.

“निरोपाचा उल्लेख यात का नाही?” त्यांनी विचारलं. “अण्णा निरोप पाठवायचे हे मला माहीत आहे. दूधगाडीवाले इथं येऊन चिठ्ठ्या न्यायचे. शीतल, हे पत्रक तू लिहिलंस ना?”

“हो मॅडम.”

“मग?”

अण्णा माझ्याकडं बघत होते, रागानं नव्हे. मी आता सांगेन, अशी वाट बघत होते.

“अण्णांनी जेवढं सांगितलं तेवढं मी लिहिलं,” मी म्हणालो.

सहा शब्द. आवाजही नेहमीचाच आला. मला वाटलं अण्णा उसळतील, वही दाखव म्हणतील. वही माझ्या टेबलाच्या खणात होती, भिंतीपलीकडं. मग मी कबूल केलं असतं. निदान मी तसं समजतो.

अण्णांनी कपाळावर आडवा हात फिरवला.

“मला वाटत होतं मी सांगितलंय,” ते सावकाश म्हणाले. “बोललोय असं डोळ्यापुढं दिसतंय. पर आता... राहिलं असंल मॅडम माझ्याकडनं. एवढी तेरा बटणं. ह्येच नेमकं राहिलं असंल.”

“वय होतं माणसाचं,” चौगुले साहेब समजुतीनं म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग त्यांनी कागद फायलीत ठेवला.

त्याच दुपारी मी पत्रक दुरुस्त केलं. निरोपाची अट घातली, ‘माणसाला विचारावं का’ याच्यापुढं ‘होय, प्रत्येक वेळी’ लिहिलं. पुढच्या आठवड्याभरात उरलेल्या दहा जणांचा शोध लावला. नऊ जण सापडले, त्यांना यादीत जागच्या जागी बसवलं. एक आजोबा वारले होते, वयोमानानं. हे सगळं मी फार मन लावून केलं आणि चौगुले साहेबांनी त्याबद्दलही माझं कौतुक केलं.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी निघताना गेटपाशी अण्णा उभे होते.

“शीतल, उद्या रविवार हाय. मला त्या बाईच्या गावाला सोडतोस? दवाखान्यातनं आज घरी पाठवणार हाईत तिला. एसटीचा भरवसा न्हाई तिकडच्या.”

“कशाला अण्णा?”

“जाऊन यायला पायजे.”

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

सकाळी मी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून नेलं. उसाच्या गाड्या रस्ताभर होत्या, हळू जावं लागत होतं. अण्णा वाटेत एकदाच बोलले. “घरी मी बायकोला विचारलं, माझं विसरणं वाढलंय का? ती म्हणली, न्हाई. पर ती काय, माझ्याच बाजूनं बोलणार.” मी गाडीचा वेग वाढवला.

बुरुडांचं घर गावाच्या कडेला होतं. दारात कळकांची मोळी, अर्धवट विणलेल्या पाट्या. शेवंताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळ्यावर पट्टी. सासूनं अण्णांना ओळखलं आणि पोतं अंथरलं. अण्णा त्यावर बसले नाहीत. ते शेवंताबाईंच्या पुढं जमिनीवर टेकले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. बाईंना ते दिसणार नव्हतं, तरी जोडले.

“शेवंता, मी मालगावे. चूक माझी हाय. काम सोडताना एक गोष्ट सांगायची ती मी इसरलो. त्यानं तुझं नाव गेलं. मला माफ कर म्हणायला तोंड न्हाई.”

बाईंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, “तुमी तर निरोप धाडत व्हता. दिवाळीत दूधगाडीवाला येऊन सांगून गेला, अण्णांनी इचारलंय, बरी हाईस का. सख्ख्यांनी कुणी इचारलं न्हाई तसं.”

“तेच तर.”

“जाऊ द्या अण्णा. माणूस इसरतंय.” त्यांनी हात पुढं करून अण्णांचे जोडलेले हात चाचपले. “जाऊ द्या. तुमी मुद्दाम केलं न्हाई.”

अण्णा रडायला लागले. सत्तरीला आलेला माणूस, खांदे हलत होते. मी उंबऱ्यापाशी उभा होतो, हातात गाडीची किल्ली.

“आणि कोण आलंय?” बाईंनी मान वळवून विचारलं.

“आमचा शीतल,” अण्णा डोळे पुसत म्हणाले. “हापिसातला. चांगला पोरगा हाय. मला गाडीवर घिऊन आला बघ एवढ्या लांब.”

“बसा की दादा,” बाई माझ्या दिशेनं म्हणाल्या.

मी बसलो. सासूनं गुळाचा चहा केला. मी तो प्यायलो.

परत येताना अण्णांनी खांद्यावर हात ठेवला होता. त्यांचं मन हलकं झाल्यासारखं वाटत होतं, गावात कुणाकुणाला ओळखतात ते सांगत होते. घराशी उतरल्यावर ते म्हणाले, “उपकार झाले तुझे.”

त्यानंतर अण्णा खिशात वही ठेवायला लागले. दुकानात काय आणायचं, गॅस बंद केला का, कुणाला काय सांगितलं. बाजारात भेटले की बोलणं झाल्यावर ते लिहून घ्यायचे. बायको वैतागायची, मुलगा त्यांना सांगलीला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, स्मरणशक्ती उत्तम आहे. अण्णांना ते पटलं नाही. “मला ठाऊक हाय न्हवं काय झालं ते,” असं ते मला म्हणाले. तिन्ही रुग्णालयांचं काम तोवर माझ्याकडं आलं होतं.

दोन वर्षं मी ते बघत राहिलो. मग एका सकाळी सुट्टी काढून त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात शेंगा निवडत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. की तुम्ही सांगितलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं, मुद्दाम पत्रकात घातलं नाही, आणि बैठकीत खोटं बोललो. वही बरोबर नेली होती. पान उघडून त्यांच्या पुढं धरलं.

अण्णांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं.

“म्हंजे माझं डोकं जाग्यावर हाय,” ते म्हणाले.

“होय अण्णा.”

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि विचारलं, “त्या बाईला सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतोस आदी?”

ते उठून आत गेले. मी थोडा वेळ थांबलो. ते बाहेर आले नाहीत.

तिथूनच मी शेवंताबाईंच्या गावी गेलो. घर तसंच होतं. शेवंताबाई दारात बसून कळकाच्या पट्ट्या सोलत होत्या, बोटांनी जाडी चाचपत, भराभर. सासू दिसली नाही. मी नाव सांगितलं. त्यांना आठवलं.

“अण्णांना घिऊन आलेलं दादा. बसा.”

“बसत नाही. सांगायचंय.”

मी सगळं सांगितलं. एजंट म्हणजे काय तेही जमेल तसं सांगितलं, पण त्यांनी मध्येच थांबवलं. “मशीनचं राहू द्या. तुमाला ठाऊक होतं का न्हाई, की निरोप द्यायला पायजे म्हणून?”

“ठाऊक होतं.”

“आणि त्या दिवशी तुमी हितं व्हता. अण्णा रडत व्हते तवा.”

“होतो.”

त्यांचे हात थांबले होते. मी म्हणालो, “मला माफ करा.”

त्यांनी सुरी पुसली, मांडीवरचा भुसा झटकला. राग त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता. हिशेब करावा तसा त्या विचार करत होत्या.

“त्या टायमाला मी म्हणलं होतं, जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “ते अण्णांना म्हणलं होतं. तुमाला न्हाई.”

मग त्यांनी पुढची पट्टी घेतली आणि सोलायला लागल्या. मी उभाच राहिलो. त्यांनी पुन्हा बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.